घरी न सांगितलेली नोकरी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका सकाळी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. मधुमेह बारा वर्षांचा, सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवलेले, औषधे वेळच्या वेळी घेणारे आणि तपासण्यांचे कागद तारखेनुसार लावून आणणारे. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची शिस्त त्यांच्या फायलीतही दिसते. तपासणी झाली, चिठ्ठी लिहून झाली, तरी ते उठले नाहीत.

“डॉक्टर, आमचा मुलगा तुमच्याकडे येतो ना?”

“येतो.”

“त्याला काय झालंय?”

या कुटुंबाला मी तेवीस वर्षे ओळखतो. त्या मुलाच्या कांजिण्या मी पाहिल्या आहेत, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री चढलेला त्याचा तापही. तरीही त्या सकाळी मी त्याच्या वडिलांना काही सांगू शकत नव्हतो. सज्ञान रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून जन्मदात्यालाही सांगता येत नाही. मी म्हणालो, “नाना, तुम्ही त्यालाच का विचारत नाही?”

“विचारतो ना. तो म्हणतो, सगळं छान चाललंय.”

वाचकहो, हे वाक्य आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. आपला मुलगा, मुलगी, सून किंवा जावई ज्यांना ‘फिनटेक’ म्हणतात अशा एखाद्या कंपनीत, म्हणजे तंत्रज्ञानाच्या साहाय्याने पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत, नोकरीस असेल, तर पगार चांगला आहे, कार्यालय चकचकीत आहे आणि विचारल्यावर “छान चाललंय” असे उत्तर मिळते, एवढीच माहिती बहुधा आपल्यापाशी असते. माझ्या दवाखान्यात तोच प्रश्न विचारला की उत्तर जरा लांबते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असताना खोटे बोलणे माणसाला जड जात असावे.

माझा दवाखाना पुण्याच्या पश्चिम भागात आहे. सकाळी ज्येष्ठ मंडळी येतात आणि रात्री साडेआठनंतर त्यांचीच मुले. गेल्या आठ-दहा वर्षांत या रात्रीच्या रुग्णांमध्ये फिनटेकमधील तरुणांची संख्या सारखी वाढत गेली, तसा मी त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारू लागलो. यात माझे नावीन्य काही नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुझा व्यवसाय कोणता?’ हेही विचारावे, असे आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. तीनशे वर्षे होऊन गेली, तरी आम्ही हा प्रश्न घाईत गाळतो.

ही मुले आपल्या नोकरीविषयी काय म्हणतात, ते आज आपल्यासमोर ठेवतो. ज्यांचे बोलणे येथे येते त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रथम चांगले सांगतो, कारण ते खरेच चांगले आहे आणि ही मुले तेच प्रथम सांगतात. साहेबाला नावाने हाक मारता येते. पंचविशीतल्या मुलीची सूचना पटली, तर पंधरा दिवसांत ती लाखो लोकांच्या फोनवर दिसते. कोणत्या गावचे, कोणत्या महाविद्यालयाचे, इंग्रजी कसे, यावाचून अडत नाही; काम आले पाहिजे. बार्शीकडच्या एका तरुणाने मला सांगितले, “काका, माझ्या आजोबांना पीककर्जासाठी बँकेत सात खेपा घालाव्या लागायच्या. मी ज्यावर काम करतो, त्यात माणूस बांधावर बसून अर्ज करतो.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो पगाराचा नव्हता.

एका चाळिशीतल्या बाईंचे मत मला विशेष वाटते. त्या पूर्वी एका सहकारी बँकेत होत्या. आता एका पेमेंट कंपनीत हिशेब जुळवण्याचे काम करतात. किती पैसे गेले, किती पोहोचले आणि मधले कोठे राहिले, हे रोज शोधायचे. त्या म्हणाल्या, “इथे चूक सापडली तर ती कोणाची हे नंतर विचारतात, आधी ती कशी झाली हे बघतात. आमच्या जुन्या ठिकाणी उलटं होतं.” या बाई दुपारी डबा घेऊन टेबलापासून दूर जाऊन बसतात आणि सात वाजता लॅपटॉप बंद करतात. त्यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हा ‘फिनटेक म्हणजे छळछावणी’ असा ग्रह आपण करून घेऊ नये. त्याच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोन माणसांच्या दोन निराळ्या नोकऱ्या असू शकतात.

मग त्रास कोठे आहे? तो समजण्यासाठी आपल्या पिढीच्या आठवणीतली बँक डोळ्यांसमोर आणावी लागेल. दुपारी दोनला खिडकी बंद व्हायची. रविवारी कुलूप. चेक वटायला दिवस लागत. पैशाला रात्र असे, म्हणून पैशाचे काम करणाऱ्यालाही रात्र असे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने लोकांना त्याच्याकडे ढकलले. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस या सेवा चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी एक हजार कोटींची संख्या ओलांडली. आपण पहाटे फिरून येताना दुधाच्या केंद्रावर चौकोन ‘स्कॅन’ करतो आणि रात्री अकराला औषधाच्या दुकानात करतो. मधल्या काळात तो चौकोन झोपत नाही. त्याला जागे ठेवणारी माणसे मात्र आपल्याच घरांतली असतात.

यांच्या कामात ‘ऑन-कॉल’ नावाचा एक प्रकार असतो. पाळी असेल त्या आठवड्यात फोन उशाशी ठेवून झोपायचे. यंत्रणेत बिघाड झाला की फोन विशिष्ट आवाजात वाजतो आणि काही मिनिटांत लॅपटॉप उघडून बसावे लागते. त्यामागे निव्वळ साहेबाची हौस नसते. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते किती दिवसांत परत द्यायचे, याची मुदत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बांधून दिली आहे. ती चुकली तर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. एका बिघाडात असे ग्राहक किती असतील याचा विचार करा, म्हणजे रात्री तीनच्या फोनमागची निकड लक्षात येईल.

नानांच्या मुलाचे काम हेच. वय छत्तीस. तो माझ्याकडे प्रथम आला तो डोकेदुखीसाठी. रक्तदाब १५२/१००. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाहिला, जवळजवळ तितकाच. वजन तीन वर्षांत अकरा किलोंनी वाढलेले. त्याचे एक वाक्य मी त्याच्या कागदावर तसेच लिहून ठेवले आहे: “फोन वाजला की त्रास होत नाही काका, तेव्हा काम असतं. ज्या रात्री वाजत नाही, त्या रात्री झोप लागत नाही.” आपण तान्ह्या बाळाची आई कशी झोपते, ते पाहिलेच असेल. तशी झोप ही मुले वर्षानुवर्षे घेतात.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. गाढ झोपेत रक्तदाब उतरतो; झोपच तुटक असेल तर तो उतरायला वाव मिळत नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही गोड-तेलकटाची. जागे राहण्यासाठी संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री अकरापर्यंत रक्तात राहतो, आणि मग झोप आणखी लांबते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासाचा निष्कर्ष असा की, आठवड्याला पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. हिंजवडीच्या रस्त्यावर जाणारे तास त्यात धरलेले नाहीत, हे मी माझ्या पदरचे सांगतो.

अभियंत्यांचे निदान पगाराने तरी सांत्वन होते. याच क्षेत्रातील इतर कामे करणाऱ्यांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. सांगलीहून येऊन इथे भाड्याच्या खोलीत तिघींसह राहणारी एक मुलगी ग्राहकांचे फोन घेते. तिच्याकडे येणारा प्रत्येक फोन हा पैसे अडकलेल्या माणसाचा असतो. सुखी ग्राहक फोन करीत नाही. एका रात्री रुग्णालयाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचे चाळीस हजार रुपये मधेच अडकले होते आणि तो तिच्यावर ओरडत होता. ती मला म्हणाली, “लोक बोलतात त्याचं मला फारसं वाटत नाही. पण पैसे कुठे आहेत ते माझ्याही स्क्रीनवर दिसत नाही, आणि ‘काळजी करू नका’ असं मीच म्हणायचं, याचं वाटतं.” पाळ्या बदलत्या असल्याने तिची झोप आणि मासिक पाळी, दोन्हींचे वेळापत्रक बिघडले होते. घरी आईला ती रोज रात्री फोन करते आणि ‘जेवले’ असे सांगते. बहुतेक वेळा ती बिस्किटे खाल्लेली असते.

दुसरा एक मुलगा कर्जवसुलीच्या फोनवर बसत असे. कर्जदाराला सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा दंडक आहे. तो पाळला जाई, असे त्याने आवर्जून सांगितले. त्यामुळे मधल्या अकरा तासांतच दिवसाचे सगळे फोन बसवायचे. तो माझ्याकडे बसलेला घसा आणि पोटातली जळजळ घेऊन आला. “पलीकडून शिवी आली तर बरं वाटतं, डॉक्टर. एका बाई ‘बाळ, पुढच्या महिन्यात नक्की देते’ म्हणाल्या, त्या दिवशी जेवण गेलं नाही.” दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. घरी त्याने कारण सांगितले ते ‘प्रवास लांब पडतो’ असे.

नोकरी जाण्याची धास्ती हा आणखी एक धागा सर्वांच्या बोलण्यात येतो. यातील अनेक कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतात; तो ओघ आटला की माणसे कमी होतात. एकाला सकाळी संगणकात प्रवेशच मिळाला नाही, तेव्हा कळले. कागदावरच्या समभागांविषयी आपण नातेवाइकांत कौतुकाने सांगत असाल, तर जरा जपून. ते हाती पडायला वर्षे जातात आणि तोपर्यंत त्यांची किंमत काय राहील, हे सांगणारा ज्योतिषी अजून व्हायचा आहे.

आता पुन्हा नानांकडे वळतो.

रक्तदाबाची गोळी सुरू करताना मी त्यांच्या मुलाला सांगितले होते की, गोळीने आकडा उतरेल, पण तू या रात्री सोडल्या पाहिजेस. दुसरी नोकरी किंवा निदान दुसरे काम बघ. त्याने उत्तर दिले ते मला अपेक्षित नव्हते. तो म्हणाला, “दुसरीकडून बोलावणं आलंय काका. कंपनी लहान आहे, पण रात्रीचं काम नाही. मला जाता येत नाही. इथल्या विम्यात आई-बाबा आहेत, तिथे नाहीत.”

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना जो समूह आरोग्यविमा देतात, त्यात पुष्कळदा आई-वडीलही असतात आणि जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. मधुमेह आणि दोन स्टेंट असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाजारात असा विमा सहजी मिळत नाही. पण हे छत्र मुलाच्या नोकरीला बांधलेले असते. नोकरी सुटली की तेही मिटते. नानांनी निवृत्त बँक कर्मचाऱ्यांसाठीचा समूह विमा, हप्ता फार वाढला म्हणून, तीन वर्षांपूर्वी सोडला होता. “मुलाचा आहे ना,” असे त्यांनी मलाच तेव्हा समाधानाने सांगितल्याचे आठवते. ज्या समाधानाने ते निश्चिंत झाले, त्याच समाधानाने मुलगा अडकला होता, आणि दोघांनाही एकमेकांचे ठाऊक नव्हते. म्हणजे वडील मला विचारीत होते, ‘त्याला काय झालंय?’ आणि त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग ते स्वतः होते. हे मी त्यांना कसे सांगणार?

मी मुलाच्या मागे लागलो. “तू सांग. माझ्यासमोर सांग हवं तर.” तो दीड महिना टाळत राहिला. बाबांना वाईट वाटेल, त्यांच्या हृदयाला ताण नको, ही त्याची कारणे. वाचकहो, आपली मुले आपल्या हृदयाची ही जी काळजी घेतात, तिच्यात प्रेम आहेच. परंतु आपण आता काही ऐकण्याच्या योग्यतेचे राहिलो नाही, असा एक न बोललेला निवाडाही आहे. स्टेंट बसवलेला, नियमित औषधे घेणारा माणूस घरातली एक अवघड गोष्ट शांतपणे ऐकू शकतो. मी डॉक्टर म्हणून हे त्याला सांगितले, तेव्हा कोठे तो तयार झाला.

जानेवारीतल्या एका रविवारी, दवाखाना बंद असताना, दोघे आले. मुलाने सांगितले. नानांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मग ते जे बोलले ते मला वाटले होते त्याहून वेगळे होते. विम्याचा विषय त्यांनी प्रथम काढलाच नाही.

“अरे, क्लोजिंगच्या रात्री मीही काढल्यात,” ते म्हणाले. “एकतीस मार्चला पहाटे चारपर्यंत बसायचो. साडेतीन रुपयांचा फरक सापडेना म्हणून सगळी शाखा थांबवलेली आहे मी. पण एक एप्रिलला बँक लोकांसाठी बंद असायची. आम्ही घरी येऊन झोपायचो. तुझा एक एप्रिल कधी असतो?”

मुलगा काही बोलला नाही. खाली बघत राहिला. मग नाना माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि विम्याचं मला विचारलं का कोणी? मी काय अंगठेबहाद्दर आहे?”

त्यानंतरचे दोन महिने या गृहस्थांनी ज्या चिकाटीने कागद गोळा केले, ती पाहून मला त्यांच्या शाखेतल्या लोकांची दया आली. त्यांनी जे शोधले ते आपल्यालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. खासगी विमा असला तरी ते मिळते. आधार कार्डावर ‘वय वंदना’ कार्ड काढावे लागते आणि उपचार योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच घ्यावे लागतात. आपल्या जवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे, हे प्रकृती ठणठणीत असतानाच पाहून ठेवावे. नानांकडे हे कार्ड नव्हते. ‘ते गरिबांसाठी असतं’ अशी त्यांची समजूत होती.

दुसरे असे की, समूह विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते. ते मिळेलच असे नाही. हप्ता आणि अटी कंपनी प्रकृती पाहून ठरवते. परंतु मुदत संपल्यावर विचारणाऱ्याला जे ऐकावे लागते, त्यापेक्षा दीड-दोन महिने आधी अर्ज करणाऱ्याची स्थिती बरी असते. विम्याला पासष्ट वर्षांची कमाल मर्यादा असते, असेही पुष्कळजण धरून चालतात. ती अट विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली, आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येतो. नानांच्या पत्नीला स्थलांतर सरळ मिळाले. नानांना मिळाले ते प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा स्वतः भरण्याच्या अटीवर. हप्ता भारी आहे. तो ते स्वतःच्या ठेवीच्या व्याजातून भरतात आणि तसे सर्वांना सांगतात.

आपल्या घरी असे काही चालले असेल, तर ओळखावे कसे? ‘कसं चाललंय’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येते, तेव्हा तो प्रश्न सोडून द्या. “या आठवड्यात रात्रीची पाळी तुझी आहे का?”, “काल किती वाजता झोपलास?” असे विचारा, यांना खरी उत्तरे मिळतात. रात्रीच्या पाळीचा आठवडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आठवड्यात सकाळी साडेसातला मिक्सर लावू नये, आपली तपासणी ठरवू नये आणि बिल भरण्यासाठी फोन हाती देऊ नये. आपली महिन्याची औषधे एकदम आणून ठेवा. रात्री आपल्यालाच काही झाले तर बोलावण्यासाठी मुलाखेरीज शेजारच्या एका माणसाचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावा. नानांच्या घरी तो कागद आता फ्रीजवर आहे.

काही खुणा मात्र डोळ्यांआड करू नयेत. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, मोठ्याने घोरणे आणि मधेच श्वास थांबल्यासारखा वाटणे, दिवसा गाडी चालवताना डुलकी येणे: यांसाठी रक्तदाब आणि झोपेची तपासणी हवी. तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या छातीतली जळजळ प्रत्येक वेळी ‘अॅसिडिटी’ नसते. दडपल्यासारखे वाटत असेल, वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर जिरे-ओव्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. वयाकडे बघून थांबलेले दोन रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतला एक आज नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द आपण ऐकला असेल. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते, आणि तिची तीन लक्षणे सांगते: अंगातले त्राण संपणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. ही अवस्था रजेने आणि कामाच्या बदलाने सुधारू शकते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहेत. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे वाक्य थट्टेत आले तरी ते ऐकले पाहिजे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि घरच्या माणसानेही फोन केलेला चालतो.

एक विनंती आणखी. आमच्या वेळी आम्ही किती कष्ट केले, हे त्या प्रसंगी सांगू नये. मी स्वतः माझ्या मुलीला ते सांगून पाहिले आहे. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

नानांच्या मुलाने ती लहान कंपनी शेवटी धरली नाही. विम्याची गाठ सुटल्यावर त्याने आपल्याच कंपनीत साहेबाला स्पष्ट सांगितले आणि रात्रीची पाळी नसलेल्या विभागात बदली मागितली. ती मिळायला चार महिने लागले आणि त्या वर्षीच्या पगारवाढीत त्याला फटका बसला. तो म्हणतो, पूर्वी हे मागायची हिंमत नव्हती, कारण ‘मग सोडून जा’ म्हणाले असते तर जाण्याची सोय नव्हती. गोळी अजून सुरू आहे. मागच्या खेपेला रक्तदाब १३४/८६ होता, वजन चार किलोंनी उतरले होते. नाना त्याच्याबरोबर आले होते. बाहेरच्या बाकावर बसून ते एका शेजाऱ्याला ‘वय वंदना’ कार्डासाठी कोणते कागद लागतात, ते सांगत होते.